रंग गेला, पण गेला कुठे?

(येरवडा येथे पालक व विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी इतिहासाचा शिक्षक आहे. विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु विज्ञान प्रदर्शनात माझी जी फजिती झाली, तिच्यामुळेच मी हा विषय निवडला. आमच्या विज्ञान शिक्षकांच्या देखरेखीखाली नववीच्या एका विद्यार्थिनीने निळ्या रंगाच्या पाण्यात चिमूटभर हिराकस, थोडे आम्ल आणि जखम धुण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड घातले. काही वेळात निळा रंग नाहीसा झाला. मी उत्साहाने म्हणालो, "पाहा, पाणी शुद्ध झाले!" ती शांतपणे म्हणाली, "सर, रंग गेला. पण रंगात जे होते ते कुठे गेले?"

मला उत्तर आले नाही. पुढे वाचून व विचारून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

हिराकस म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार. हिरडा आणि हिराकस यांची शाई आपल्या वाडवडिलांना परिचित होती. दहाव्या शतकाच्या आरंभी निवर्तलेले थोर हकीम अल-राझी यांनी खनिजांची वर्गवारी करताना अशा क्षारांना स्वतंत्र वर्ग दिला होता. पुढे इंग्लंडमध्ये हेन्री फेंटन यांनी १८९४ साली दाखवून दिले की, चिंचेत असणाऱ्या टार्टारिक आम्लावर पेरॉक्साइडचा परिणाम लोखंडाच्या सान्निध्यात जोमाने होतो. म्हणून या क्रियेस फेंटन क्रिया म्हणतात. सांडपाण्यासाठी तिचा उपयोग मात्र बऱ्याच काळाने, १९६० च्या दशकात होऊ लागला.

लोखंड पेरॉक्साइडला फोडते आणि त्यातून 'हायड्रॉक्सिल मूलक' नावाचा अतिशय तापट कण जन्मतो. त्याचे आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास. परंतु तेवढ्यात तो समोर येईल त्या सेंद्रिय द्रव्यावर तुटून पडतो. रंगाच्या रेणूची साखळी तुटते. तुकड्यांचे आणखी तुकडे होतात, आणि क्रिया पूर्ण झाली तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी व साधे क्षार उरतात.

येथेच त्या मुलीच्या प्रश्नाचे मर्म आहे. क्रिया पूर्ण झाली तर! रंग सर्वांत आधी जातो. तुकडे मागे राहू शकतात, आणि त्यांतील काही मूळ रंगापेक्षाही घातक असू शकतात. म्हणून डोळ्यांवर विसंबून चालत नाही. पाण्यातील द्रव्यांचे ऑक्सिडीकरण होण्यास किती प्राणवायू लागतो, हे प्रयोगशाळेत मोजावे लागते. त्यास सी.ओ.डी. म्हणतात.

बंधुभगिनींनो, मुळा व मुठा यांचा संगम होऊन ती नदी आपल्या येरवड्याच्या काठाने वाहते. तिच्यात हिराकस ओतून ती शुद्ध होईल काय? मुळीच नाही. या क्रियेस पाणी बरेच आंबट असावे लागते, सामू तीनच्या सुमारास. नदीला आंबट करणे म्हणजे मासे मारणे होय. शिवाय नदीचा मुख्य रोग घरगुती मैला हा आहे. त्यावर जीवाणूंच्या साहाय्याने चालणारी शुद्धीकरण केंद्रे हाच इलाज आहे. फेंटन क्रिया ही जीवाणूंना न पचणाऱ्या रंग, फिनॉल, कीटकनाशके यांसारख्या द्रव्यांसाठी आहे, आणि तीही कारखान्याच्या दारातच, घाण नदीत मिसळण्यापूर्वी.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे कापडावर अनेक कुटुंबांची चूल पेटते. त्यांत आपल्या समाजाचीही पुष्कळ आहेत. इचलकरंजीच्या कापड-प्रक्रियेच्या सांडपाण्याने पंचगंगेचे काय होते, याचा वाद वर्षानुवर्षे चालला आहे. धंदा बंद करा, असे मी म्हणत नाही. पण रंगाचे पाणी हौदात घेऊन, प्रक्रिया करून, नंतर चुन्याने आंबटपणा घालवावा लागतो. तेव्हा लोखंड तांबूस गाळ होऊन तळाशी बसते. तो गाळही रीतसर हलवावा लागतो. ओढ्यात लोटला तर सारे मुसळ केरात! या सगळ्याला खर्च येतो, आणि तो टाळला की त्याचा बोजा नदीकाठच्या गरिबावर पडतो.

विद्यार्थ्यांनो, हा प्रयोग शिक्षकांशिवाय करू नका. दाट पेरॉक्साइडने कातडी भाजते. आणि असे पाणी पिण्यासाठी नसते.

वुजू करताना वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. कुरआन शरीफच्या सत्तावन्नाव्या सूरहचे नावच 'अल-हदीद', म्हणजे लोखंड आहे. लोखंडात माणसांसाठी लाभ असल्याचा त्यात उल्लेख आहे. तो लाभ हाती यायचा तर शिकलेले हात हवेत.

पालकहो, ती मुलगी आता दहावीत आहे. "एवढे शिकली, पुरे झाले," असे तिच्या घरी बोलणे चालू असल्याचे कानी आले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी हेच बोलणे होत असेल. मी हात जोडून विनंती करतो: जिच्या प्रश्नाने शिक्षकाला पुन्हा विद्यार्थी केले, तिला पुढे शिकू द्या. तिचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, आणि तो सोडविण्याची पात्रता माझ्यापेक्षा तिच्यात अधिक आहे.