रास्त भाव: कोणासाठी?



‘रास्त भाव’ हे शब्द आपणां शहरवासीयांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. रास्त भावाचे दुकान म्हटले की शिधापत्रिका आणि रांग डोळ्यांपुढे उभी राहते. पण त्या पाटीवरचा भाव रास्त कोणासाठी? घेणाऱ्यासाठी. ज्याने पिकवले त्याच्यासाठी रास्त भाव कोणता, हे आपण सहसा विचारीत नाही. आज ते विचारावयाचे आहे, आणि उदाहरण घेणार आहे कॉफीचे. कारण डोंगरातल्या गरीब शेतकऱ्याच्या या पिकाचा भाव दूर न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो.

मेक्सिकोच्या दक्षिणेस ओआहाका नावाचे डोंगराळ राज्य आहे. तेथील झापोतेक आणि इतर आदिवासी आपल्या लहानशा तुकड्यांवर कॉफी लावतात. रोप लावल्यापासून फळ धरेपर्यंत तीनचार वर्षे जातात. पिकलेली लाल फळे हातांनी वेचायची, गर काढायचा, दाणे आंबवून धुवायचे, उन्हात वाळवायचे. भाव पडला म्हणून पुढच्या हंगामात दुसरे पीक घेऊ, असे हा शेतकरी म्हणू शकत नाही. झाड उभे असते, आणि घरात पैशाची निकड असते. ही निकड हेरून दलाल येतो. तेथील लोक त्याला ‘कोयोते’ म्हणतात. कोयोते म्हणजे आपल्या कोल्ह्याचाच भाऊबंद! तो आगाऊ उचल देतो आणि पीक आपल्या भावाने उचलून नेतो. सावकाराची वही पाहिलेल्या महाराष्ट्राला हे समजावून सांगावयास नको.

1980 नंतरच्या काही वर्षांत या शेतकऱ्यांनी ‘उसिरी’ ही आपली संघटना उभारली. फ्रान्स व्हान डर हॉफ हे डच धर्मगुरू त्यांच्यात राहत होते. त्यांनी आणि नेदरलंड्समधील निको रोझेन यांनी मिळून 1988 साली एक खूणचिठ्ठी काढली. ती ज्या पुड्यावर असेल त्यातली कॉफी उत्पादकाला ठरलेला किमान भाव देऊन घेतलेली आहे, अशी ती हमी. नाव दिले ‘मॅक्स हावेलार’. ते 1860 सालच्या एका डच कादंबरीचे नाव. जावा बेटात डच सरकारने रयतेकडून सक्तीने पिके काढून घेतली, त्या जुलमाला तिने वाचा फोडली होती. ज्या देशाने जावाच्या कॉफीवर तिजोरी भरली, त्याच देशात ही चिठ्ठी निघावी, याला काळाचा न्याय म्हणावे!

चिठ्ठी निघाली आणि पुढच्याच वर्षी कसोटी आली. 1962 च्या आंतरराष्ट्रीय करारापासून देशोदेशींच्या निर्यातीचे वाटे ठरवून भाव सावरला जाई. 1989 च्या जुलैमध्ये ती व्यवस्था कोसळली. 2001 साली तर उत्तम कॉफीचा भाव पौंडास 50 सेंटांच्याही खाली गेला. त्या वेळी चिठ्ठीवाल्या कॉफीला अधिमूल्य धरून 126 सेंट मिळत होते. हा फरक म्हणजे मुलाची शाळा चालू राहणे आणि बाप गाव सोडून मजुरीला जाणे यांतला फरक होता.

पण मंडळी, या व्यवस्थेचे नुसते गोडवे गाणे हा आपल्या बुद्धीचा अपमान होईल. हमीभावाने घेणारे गिऱ्हाईक थोडे. म्हणून संस्थेचा बराच माल साध्या बाजारातच विकावा लागतो. ज्याची जमीन नाही, जो दुसऱ्याच्या मळ्यात फळे वेचतो, त्याच्यापर्यंत या भावाचा ओघ क्वचित पोहोचतो. ऑगस्ट 2023 पासून किमान भाव 180 सेंट झाला. पण 2025 च्या फेब्रुवारीत बाजारभावच 400 सेंटांच्या वर चढला. अशा वेळी सभासद रोख देणाऱ्या व्यापाऱ्याकडे वळतो, आणि आधी कबूल केलेला माल कोठून पुरवावा या विवंचनेत संस्था पडते.

मग यातून हाती काय राहते? माझ्या मते, भावापेक्षाही मोठी गोष्ट राहते, ती संघटना. पौंडामागे जे 20 सेंटांचे अधिमूल्य मिळते, त्याचा विनियोग सभासदांनी सभेत ठरवावयाचा असतो. ज्याला कालपर्यंत कोल्ह्याचा तराजूही तपासता येत नव्हता, तो आज आपल्या संस्थेचा हिशेब मागतो. भाव चढेल, पडेल. हिशेब मागण्याची ही सवय मात्र सहजासहजी जात नाही.

आपण चिठ्ठी पाहून दोन पैसे जास्त देतो तेव्हा दान केल्याचे समाधान मानू नये. दान इच्छेवर असते, देणे चुकवावेच लागते. कॉफीच्या पेल्यातले हे देणे फार दिवसांचे थकलेले आहे. त्याची आठवण घेऊन आपण घरी जावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.