मैदानापलीकडचं दुकान



आज मी एकाच चित्रपटावर बोलणार आहे. विद्यार्थ्यांनी काढलेला विनोदी माहितीपट किती मोठा पल्ला गाठू शकतो, हे मला त्यात दिसतं. प्रागच्या ‘फामू’ या चित्रपटशाळेत शिकणाऱ्या वीत क्लुसाक आणि फिलिप रेमुंडा यांनी तो केला. २००४ साली आलेला ‘चेस्की सेन’, म्हणजे ‘चेक स्वप्न’.

दोघांनी एका हायपरमार्केटची धूमधडाक्यात जाहिरात केली. होर्डिंग, पत्रकं, रेडिओ-टीव्ही, खास रचलेलं गाणं, सगळं खरं. दुकान तेवढं नव्हतं. ३१ मे २००३ रोजी प्रागच्या लेत्न्यानी भागातल्या मैदानावर तीन हजारांहून अधिक माणसं उद्घाटनाला आली. समोर होतं लोखंडी परांचीवर ताणलेलं रंगीत कापड.

गुप्त कॅमेऱ्याचा कार्यक्रम करणाऱ्यानं हे गुपित शेवटपर्यंत राखलं असतं. या मुलांनी ते प्रेक्षकाला सुरुवातीलाच सांगून टाकलं. त्यामुळे ‘आता काय होणार’ हा प्रश्न उरत नाही. ‘हे कसं जमवतात’ याकडे आपलं लक्ष लागतं, आणि आपण नकळत त्यांच्या कटात सामील होतो. पहिलं हसू त्यांनी स्वतःवर ओढवून घेतलं आहे. केस कापून, महागडे सूट चढवून विद्यार्थ्यांचे मॅनेजर होतात, ते कॅमेऱ्यासमोरच. पुढे एक यंत्र पत्रक पाहणाऱ्याच्या बुबुळांची हालचाल टिपतं: नजर कुठं गेली, कुठं थबकली. जाहिरात कंपनीतली माणसं तर मनापासून सांगतात की आम्ही खोटं बोलत नाही. तिथं निवेदकाची टिप्पणी आली असती तर प्रसंग मेला असता. कॅमेरा फक्त ऐकत राहतो. मला हा प्रसंग संपूर्ण चित्रपटातला सर्वांत धारदार वाटतो.

आणि मग ते मैदान. फीत कापण्याची जागा अलीकडे, कापड पार पलीकडे, मध्ये गवत. हे अंतर म्हणजेच या चित्रपटाची पटकथा. दुरून घेतलेल्या चौकटीत गर्दी सुटते. तरुण धावतात, मुलांना घेतलेले आईबाप झपझप चालतात, काठी-कुबड्या घेतलेली वृद्ध माणसं मागे राहतात. सत्य सगळ्यांना एकाच क्षणी कळत नाही. पुढचे थांबलेले असतात, मागचे अजून येतच असतात. आपलं हसू या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी विरतं. संकलकाला इथं फारसं काही करावं लागत नाही. चालण्याच्या वेगानंच लय ठरवली आहे. तरीही त्या वृद्ध चेहऱ्यांवर रोखलेला कॅमेरा मला खटकतो. त्यांनी काय गुन्हा केला होता? जाहिरातीतच ‘तिथं जाऊ नका’, ‘पैसे खर्च करू नका’ असं लिहिलं होतं, हा बचाव मला पुरेसा वाटत नाही.

मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूनं ठामपणे सांगायला हवी. ती मुलं पळून गेली नाहीत. चिडलेल्या माणसांसमोर उभी राहिली, बोलणी खाल्ली, आणि ती बोलणी चित्रपटात ठेवली. कुणी संतापलं, कुणी हसून उन्हात बसलं, कुणी म्हणालं की सरकारही युरोपीय संघाचं असंच स्वप्न विकतंय. त्या संघात जायचं की नाही, याचं सार्वमत पुढच्याच पंधरवड्यात होतं. हा धागा सामान्य माणसाच्या तोंडून आला, म्हणून तो पटतो.

खऱ्या चेहऱ्यांकडे पाहून हसवण्याची ही रीत ‘फामू’च्या परिसरात जुनी आहे. तिथंच शिकलेल्या मिलोश फोरमन यांनी १९६७ च्या ‘फायरमेन्स बॉल’मध्ये गावातल्या खऱ्या अग्निशामकांनाच भूमिका दिल्या होत्या.

उद्या सकाळच्या सत्रात आपण मैदानाचा भाग दोनदा पाहणार आहोत. दुसऱ्यांदा आवाज बंद ठेवू. प्रत्येक चौकटीत कॅमेरा कुणाच्या बाजूनं उभा आहे, एवढंच वहीत टिपून आणा. चर्चा तिथूनच सुरू करू.