हॉटेलबद्दल पाड्यातले लोक काय म्हणतात
(ग्रामसभेआधीच्या बैठकीतले भाषण)



आपल्या धबधब्यावर हॉटेल काढायचं म्हणतात. आठ दिवस मी पाड्यापाड्यात विचारत फिरलो. पोरं म्हणतात, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जावं लागणार नाही, इथंच काम मिळेल. खोटं नाही ते. भट्टीवर हौसेने कोण जातं? पण काम कोणाला, किती महिने, मजुरी किती, हे दलाल काही लिहून देत नाही. बाया एकच विचारतात: जव्हारला एवढा पाऊस पडतो, तरी होळीनंतर विहिरीचा तळ दिसतो. मग हॉटेलची बोअर पडल्यावर आपल्या हंड्यात काय येणार?

आता जमिनीचं नीट ऐका. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा विकताच येत नाही, तो वारसालाच जातो. आणि सातबाऱ्यावरची आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची, अगदी भाड्याने, तरी आधी कलेक्टरची परवानगी लागते. जमीन महसूल कायद्याचं कलम ३६ अ. ‘नुसती भाड्यानेच घेतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजा, अंगठा देऊ नका.

ग्रामसभेत पोरांनीही बोलायचं, बायांनीही. विहिरीचा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या. वाचून दाखवल्यावरच सही करा.