कलावंतांचे एकमेकांना देणे

खरा कलावंत एकटाच झगडतो आणि एकटाच मोठा होतो, अशी समजूत आपल्या मनात पक्की बसलेली आहे. चित्रकाराविषयी तर ती अधिकच घट्ट आहे. परंतु मुंबईत गेल्या शतकात आधुनिक चित्रकला कशी उभी राहिली हे पाहिले, तर ही समजूत टिकत नाही. तिथे पावलोपावली एका कलावंताने दुसऱ्याला दिलेला हात दिसतो. मात्र मला आज नुसत्या जिव्हाळ्याचे कौतुक करायचे नाही. अडचणीच्या काळात कलावंत तगले ते प्रेमाच्या शब्दांवर नव्हे. काम करायला जागा, चित्र टांगायला भिंत, हाताळायला साधने आणि थोडा निर्वेध वेळ, असे रूप त्या प्रेमाने घेतले तेव्हाच ते कामी आले, असे माझे म्हणणे आहे.

१९४७ साली सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे हे चित्रकार आणि शिल्पकार बाकरे अशा सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. काळ फाळणीचा होता. नव्या धर्तीच्या चित्रांना गिऱ्हाईक जवळजवळ नव्हते, आणि जहांगीर कलादालन उघडायला १९५२ साल उजाडायचे होते. गोव्यातल्या साळगावच्या सूझांना जे. जे. कलाशाळेतून काढून टाकले होते. हुसेन सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत आले होते. गाडे अमरावती जिल्ह्यातून आलेले. आरांनी तर लहानपणी मुंबईत येऊन लोकांच्या मोटारी धुतल्या होत्या आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगही पाहिला होता. या सहा जणांची शैली एक नव्हती. सूझांची धारदार रेषा आणि रझांची निसर्गचित्रे शेजारी ठेवली तर हे एकाच गटातले म्हणून कुणी ओळखणार नाही. मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. माझ्यासारखे काढ, मग तुला मदत करतो, अशी अट तिथे नव्हती. १९४९ साली मुंबईतल्या रॅम्पार्ट रो या रस्त्यावर त्यांचे एकत्र प्रदर्शन भरले. त्यानंतर दोनेक वर्षांतच सूझा, रझा, बाकरे परदेशी गेले. आरा मात्र इथेच राहिले, आणि स्वतः कधी श्रीमंत न झालेल्या या माणसाने आर्टिस्ट्स सेंटर या संस्थेचे सचिवपद सांभाळत पुढच्या पिढ्यांना भिंत मिळवून दिली.

यावर कुणी म्हणेल की या मंडळींना खरा आधार दिला तो कलावंतांनी नव्हे, बाहेरच्यांनी. रूडी फॉन लायडेन यांनी वृत्तपत्रात लिहिले, वॉल्टर लँगहॅमर यांनी मार्गदर्शन केले, इमॅन्युएल श्लेसिंजर यांनी चित्रे विकत घेतली. हे खरेच आहे. पण ही तिन्ही माणसे नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत स्थिरावलेली होती, हे विसरता येत नाही. स्वतःचे घरदार गमावलेल्यांनी इथल्या निराधार तरुणांची किंमत ओळखली. शिवाय लँगहॅमर स्वतः चित्रकारच होते. म्हणजे त्यांचे उदाहरणही माझ्याच बाजूला पडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कलावंतांनीच कलावंतांना सांभाळावे असे म्हटले की सरकार आणि समाज मोकळे होतात. हा आक्षेप मी सहज बाजूला सारणार नाही. त्याला बळ देणारे उदाहरण मुंबईतच आहे. वॉर्डन रोडवर, म्हणजे आजच्या भुलाभाई देसाई मार्गावर, भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. तिथे नाममात्र भाड्यात गायतोंडे, हुसेन, प्रफुल्ला डहाणूकर या चित्रकारांना काम करायला खोल्या मिळाल्या. त्याच आवारात नाट्यदिग्दर्शक अल्काझींच्या नाटकांच्या तालमी चालत. चित्रकार, नट, वादक एकाच जिन्यावरून ये-जा करत. पुढे ती संस्था बंद पडली, वास्तूही गेली, आणि तशी दुसरी जागा शहराने उभी केली नाही. खाजगी औदार्याला आयुष्य थोडे असते, हे यातून दिसते. पण आणखी एक गोष्ट दिसते. कलावंताला नेमके काय हवे असते, हे या प्रयोगांनीच आपल्याला शिकवले. शाल, श्रीफळ आणि उतारवयातले मानधन यांपेक्षा तिशीतल्या चित्रकाराला परवडणारी एक खोली जास्त उपयोगी पडते. सरकारने काय करावे हे सांगायला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

चित्रकार अकबर पदमसी यांचे उदाहरण तर मला फार मोलाचे वाटते. १९६९ च्या सुमारास त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. ही रक्कम त्यांच्या एकट्याच्या कामासाठी होती आणि ती तशी वापरली असती तर कुणी नाव ठेवले नसते. त्यांनी त्या पैशातून नेपियन सी रोडवर कार्यशाळा थाटली. चित्रीकरणाचा कॅमेरा, छायाचित्रांसाठी अंधारखोली, छापचित्रांचे यंत्र अशी साधने आणली आणि ती इतर चित्रकारांना, छायाचित्रकारांना, चित्रपट करणाऱ्यांना खुली केली. तिथे आलेल्यांत नलिनी मलानी नावाची जे. जे. मधली तरुण मुलगी होती. तिने पहिले फिल्मचे प्रयोग तिथे केले. कार्यशाळा १९७२ पर्यंतच चालली. मलानींना २०२३ साली जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला. एका कार्यशाळेने त्यांना घडवले असे मी म्हणणार नाही, पण त्या वयात कॅमेरा विकत घेणे किती जणांना शक्य होते?

आपल्या काळातही हे घडले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे सगळीकडची कलादालने बंद झाली तेव्हा मॅथ्यू बरोज या इंग्रज चित्रकाराने एक साधा नियम मांडला. आपले एकेक काम दोनशे पौंडांपर्यंत विकावे, आणि हजार पौंडांची विक्री झाली की त्यातले दोनशे दुसऱ्या कलावंताचे काम घेण्यात खर्च करावे. यात कुणी दाता नाही, कुणी याचक नाही. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. हा नियम जगभर पसरला तो याच कारणाने, असे मला वाटते.

म्हणून ज्यांची चित्रे आज चांगल्या किमतीला जातात त्या आपल्याकडच्या चित्रकारांना माझी विनंती आहे. संकटाची वाट न पाहता दर विक्रीतला पाचवा हिस्सा वेगळा काढा, आणि त्यातून एखाद्या तरुण चित्रकाराचे चित्र रोख पैसे देऊन विकत घ्या.