मुदतवाढीची सही

लवादाची मुदत उभयपक्षी संमतीने वाढवता येते. १९९६ च्या लवाद कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने ही सोय झाली, पण सहा महिन्यांपुरतीच. पुढची मुदत न्यायालयाकडे मागावी लागते. हा कायदा मुख्यतः व्यापारी तंट्यांचा. आम्हा कामगारांसाठी १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता. त्यात समेटाला १४ दिवस असत. सर्व पक्षांनी लेखी मान्यता दिली व समेट अधिकाऱ्याने होकार भरला, की मुदत वाढे. तिला सीमा नव्हती. आणि जनोपयोगी सेवेत समेट चालू असेतो संप बेकायदेशीर! म्हणजे आमचीच सही आमचे हात बांधी. मालक थांबू शकतो. आमच्या घरी वाण्याची उधारी वाढते. म्हणून संमती जरूर द्यावी, पण कारण लिहून, तारीख घालून.