ओसरीवरून दिसणारे मन

तंजावरहून तिरुवैयारूला जाणारा रस्ता काही फार लांबीचा नाही. पण तेवढ्या वाटेत पाच नद्या ओलांडाव्या लागतात. वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी खुद्द कावेरी. ‘तिरुवैयारू’ या नावाचा अर्थच मुळी पवित्र अशा पाच नद्यांचे गाव. या नद्यांच्या मधल्या जमिनीवर जिकडे दृष्टी टाकावी तिकडे भाताची खाचरे, बांधांवर नारळी, आणि पाटापाटांतून वाहणारे गढूळ पाणी. मराठी माणूस या मुलखात प्रथम जातो तो बहुधा भोसल्यांच्या राजवाड्यासाठी, सरफोजीराजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयासाठी, नाहीतर बृहदीश्वराच्या मंदिरात 1803 साली कोरलेला मराठी शिलालेख पाहण्यासाठी. मीही त्याच ओढीने गेलो होतो. परंतु आज मला सांगावयाचे आहे ते राजवाड्याविषयी नाही. त्या खाचरांच्या कडेने वसलेल्या खेड्यांविषयी, आणि त्या खेड्यांचे मन जाणून घेण्यासाठी ज्यांनी आपले उभे आयुष्य खर्ची घातले अशा अभ्यासकांविषयी आहे.

या त्रिभुज प्रदेशातील जुन्या धर्तीचे गाव म्हणजे एका नावाखाली नांदणारी तीन गावे असत. एक अग्रहार, म्हणजे ब्राह्मणांची आळी. दुसरी कुळे, कारागीर आणि इतर ब्राह्मणेतर जातींची वस्ती. आणि तिसरी चेरी, म्हणजे शेतात राबणाऱ्या पळ्ळर आणि परैयर लोकांची वस्ती. ही चेरी गावापासून खाचरांच्या पलीकडे असावयाची. आपल्याकडील वेशीबाहेरच्या वस्तीची कल्पना ज्याला आहे त्याला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. शब्दसुद्धा ओळखीचे भेटतात. जमिनीच्या वंशपरंपरागत मालकाला तिथेही मिरासदारच म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शेताला बांधलेल्या गड्याला ‘पन्नैयाळ’ म्हणत. त्याच्या संरक्षणासाठी 1952 साली मद्रास सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून त्याची स्थिती काय असेल याची कल्पना यावी.

अग्रहारातील घरांना रस्त्याच्या बाजूने एक उंच ओटा असतो. त्याला तमिळमध्ये ‘तिण्णै’ म्हणतात. आपली ओसरीच म्हणा. वाटसरूने तिथे टेकावे, म्हाताऱ्यांनी गप्पा माराव्यात, पोरांनी पाठ म्हणावा. गावात नव्याने येणारा पाहुणा प्रथम बसतो तो अशाच एका ओसरीवर. माझ्या आजच्या बोलण्याचा सारा रोख या ओसरीवर आहे.

मी मानसशास्त्र घेऊन एम.ए. झालो त्या वेळी आम्हाला शिकविले जाई ते असे, की 1879 साली जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुन्ट यांनी प्रयोगशाळा स्थापन केली आणि तेथून या शास्त्राचा आरंभ झाला. ते खरेच आहे. परंतु त्याच वुन्टसाहेबांनी आयुष्याची शेवटची वीस वर्षे, 1900 पासून 1920 पर्यंत, लोकसमूहांच्या मनावर दहा खंड लिहिण्यात घालविली, ही गोष्ट आमच्या कानावर फारशी आली नाही. भाषा, दंतकथा, रूढी यांतून जे मन व्यक्त होते ते प्रयोगशाळेच्या खोलीत हाती लागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे या विचाराला सांस्कृतिक मानसशास्त्र आणि समुदायाचे मानसशास्त्र अशी नावे मिळाली. आपल्याकडे अलाहाबाद विद्यापीठात 1961 साली मानसशास्त्राचा विभाग उभा करणारे दुर्गानंद सिन्हा यांनी हाच आग्रह धरला. परदेशी प्रश्नावल्यांची भाषांतरे करून भारतीय खेडुताचे मन उलगडणार नाही, हे ते सांगत राहिले, आणि 1969 साली बदलत्या खेड्यांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

मन गावात जाऊन पाहावयाचे हे ठरले. पण गावात जाऊन बसावयाचे कुठे?

या प्रश्नाचे उत्तर मला ज्यांच्या चरित्रातून मिळाले त्या कॅथलीन गफ यांच्या नावापुढे मानसशास्त्रज्ञ हे बिरुद कधीच नव्हते. त्या मानववंशशास्त्रज्ञ. जन्म 1925 सालचा, इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातल्या एका खेड्यातला. वडील लोहारकाम करीत. केंब्रिजमध्ये शिकून, केरळातील नायर कुटुंबांचा अभ्यास करून त्यांनी 1950 साली डॉक्टरेट मिळविली आणि 1951 साली तंजावर जिल्ह्यात आल्या. 1953 पर्यंत त्या दोन खेड्यांत राहिल्या. एकाला त्यांनी कुंबपेट्टै असे नाव दिले, दुसऱ्याला किरिप्पूर. ही नावे खरी नव्हेत. ज्यांनी विश्वासाने आपले घर उघडे केले त्यांना पुढे त्रास होऊ नये म्हणून अभ्यासक अशी नावे बदलतात.

कुंबपेट्टैच्या अग्रहारातील ब्राह्मण कुटुंबांवर त्यांनी 1956 साली एक निबंध प्रसिद्ध केला. बाप आणि मुलगा यांच्यामधला धाक, आई आणि मुलगा यांच्यामधला जिव्हाळा, सासू आणि सून यांच्यामधला ताण, आजोबांपाशी नातवाला मिळणारी मोकळीक, असे सारे त्यात बारकाईने टिपले आहे. आपल्या इरावतीबाई कर्वे यांचा भारतातील नातेसंबंधांवरील ग्रंथ त्याच सुमारास, 1953 साली, आला होता. ज्यांनी दोन्ही वाचले असतील त्यांना त्या काळी या विषयाला कसा बहर आला होता हे आठवेल. परंतु गफबाईंनी एवढ्यावर न थांबता चेरीतल्या घराशी या घराची तुलना केली. जिथे वारशाने द्यावयाला जमीन नाही तिथे बापाचा धाकही तेवढा नाही. जिथे बायको स्वतः लावणीला जाऊन मजुरी आणते तिथे तिच्या शब्दाला घरात वजन आहे. म्हणजे ‘तमिळ माणसाचे मन’ अशी एकच एक वस्तू त्या गावात नव्हती. मनाचे आकार जमिनीच्या उताऱ्याप्रमाणे बदलत होते.

त्यांनी नोंदविलेली आणखी एक गोष्ट ऐका. चेरीतल्या माणसाने अग्रहारात पाऊल टाकावयाचे नाही, हे आपण समजू शकतो. तो निर्बंध वरून लादलेला आहे. परंतु ब्राह्मणानेही चेरीत जावयाचे नाही, असा समज होता. तो गेला तर अनिष्ट ओढवावयाचे ते त्याच्यावर नव्हे, चेरीवर! कोणी याला भाबडी समजूत म्हणेल. मला मात्र वाटते, की शतकानुशतके ज्यांच्या हाती दुसरे काहीच नव्हते त्यांनी आपल्या उंबरठ्यापुरती तरी एक सीमा आखून ठेवली होती. वरच्या आळीतून कोणी आपल्या दारात आला तर त्यात आपले भले नसते, हे अनुभवाचे सार त्या समजुतीत साठविलेले असावे. ओसरीवर बसून हीच गोष्ट विचारली असती, तर ‘ते लोक अडाणी आहेत’ एवढेच उत्तर मिळाले असते.

दहा वर्षांनी, 1961 मध्ये, दिल्ली विद्यापीठातील आंद्रे बेतेय हे तरुण अध्यापक याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका गावी राहावयास आले. त्यांनी त्याला श्रीपुरम् हे नाव दिले. तीनशे एकोणपन्नास घरांचे गाव. बेतेय यांना अग्रहारातच राहावयाला घर मिळाले, आणि परक्याला असे घर मिळणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. जात, वर्ग आणि सत्ता यांवरचा त्यांचा ग्रंथ 1965 साली आला आणि तो आजही वाचला जातो. मला त्या ग्रंथातील एक गोष्ट विशेष वाटते. अग्रहारात राहिल्यामुळे आपण गावकऱ्यांच्या दृष्टीने अग्रहाराचेच झालो आणि इतर वस्त्यांशी आपली तेवढी जवळीक होऊ शकली नाही, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले आहे. आपण कोणत्या खिडकीतून पाहिले हे जो सांगतो, त्याच्या पाहण्यावर विश्वास ठेवता येतो.

श्रोते हो, येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका दुष्काळी तालुक्यातील गावी पाण्याच्या योजनेसाठी सभा घेण्याचे काम माझ्याकडे आले. मानसशास्त्राची पदवी पदरी असल्यामुळे लोकांचे मन आपल्याला कळते, असा एक अहंकारही मनात होता. सभा देवळाच्या मंडपात भरली. मी प्रश्न विचारले, लोकांनी उत्तरे दिली. सार्वजनिक नळ पाराजवळ बसवावा असे ठरले. मी अहवालात लिहिले, ‘सर्व ग्रामस्थ अनुकूल आहेत.’ काही महिन्यांनी त्याच वाटेने जाताना पाहतो तो वेशीबाहेरच्या वस्तीतल्या बायका अजून ओढ्यातल्या झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरीत होत्या. मी एका म्हाताऱ्या बाईंना विचारले, “आजी, नळ सोडून इथे का?” त्या हंडा न उचलताच म्हणाल्या, “सायेब, तुमी देवळात बसला हुता. आमी कुठं बसायचं हुतं?”

त्यात राग नव्हता. त्यांनी फक्त माझी बसण्याची जागा मला दाखविली. त्या सभेत कोणी खोटे बोलले नव्हते. जे आले ते खरेच अनुकूल होते. जे आलेच नाहीत ते माझ्या हिशेबात नव्हते. आमच्याच महसूल खात्यात नोकरी केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिला. तो माझ्या कपाटात होता. पण मी तो परीक्षेपुरता वाचला होता. नळ पुढे वस्तीजवळ हलविला गेला, त्यालाही एक वर्ष लागले. त्यानंतरच मी गफबाईंची पुस्तके पुन्हा हाती घेतली.

पुन्हा वाचताना त्यांच्या आयुष्याचा जो भाग पूर्वी मी ओलांडून गेलो होतो तो आता डोळ्यांपुढे आला. 1962 साली, क्यूबाच्या पेचप्रसंगात, त्या अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात शिकवीत होत्या. विद्यार्थ्यांपुढे त्यांनी अमेरिकेच्या धोरणावर टीका केली; पुढच्या वर्षी त्यांनी ते विद्यापीठ सोडले. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात विभागाच्या कारभारावरून 1969 साली संप झाला. त्यात त्या सहकाऱ्यांबरोबर राहिल्या आणि ती नोकरीही गेली. त्यानंतर नियमित प्राध्यापकपद त्यांना लाभले नाही. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात 1974 पासून त्या केवळ मानद संशोधक होत्या. 1968 सालच्या एका लेखात त्यांनी आपल्या शास्त्रालाच प्रश्न विचारला होता: साम्राज्यांच्या छायेत वाढलेल्या आम्हा अभ्यासकांनी लहान लहान वस्त्यांचे चालीरीतींसह वर्णन केले, पण त्या वस्त्यांना दारिद्र्यात ठेवणाऱ्या सत्तेचा अभ्यास का केला नाही?

त्याच वर्षाच्या 25 डिसेंबरला, पूर्व तंजावरातील कीळवेण्मणी या खेड्यात, मजुरीच्या तंट्यातून शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. जीव वाचविण्यासाठी एका झोपडीत शिरलेली चव्वेचाळीस माणसे जाळली गेली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. ज्या नागपट्टिनम् तालुक्यात गफबाईंचे किरिप्पूर होते त्याच तालुक्यातले हे गाव. भाताच्या मापभर वाढीव मजुरीची मागणी कुठवर पोहोचू शकते, हे ओसरीवरच्या गप्पांतून कोणाला कळले असते?

1976 साली, पंचवीस वर्षांनी, गफबाई पुन्हा त्याच दोन गावी आल्या. ब्राह्मणांपैकी अनेक जण जमिनी विकून शहरांकडे गेले होते. विजेचे दिवे आले होते, भाताची नवी वाणे आली होती. सालभर बांधलेले गडी कमी होऊन रोजावरचे मजूर वाढले होते. मात्र मजुराच्या पोटाचा प्रश्न सुटलेला नव्हता. पहिल्या मुक्कामातील सामग्रीवर नव्या दृष्टीने लिहिलेला ग्रंथ 1981 साली आला, आणि झालेल्या बदलांवरचा दुसरा 1989 साली. पुढच्याच वर्षी व्हँकूव्हर येथे त्यांचा अंत झाला. तरुणपणी दीड-दोन वर्षांत गोळा केलेल्या टिपणांचा अर्थ लावण्यास एका विदुषीला जवळजवळ चार दशके लागली. पदोन्नतीच्या दृष्टीने पाहिले तर ही कारकीर्द फसलेलीच म्हणावी लागेल.

आज कावेरीचा मुलूख बदलला आहे. जुन्या तंजावर जिल्ह्याचे तुकडे होऊन नागपट्टिनम्, तिरुवारूर आणि 2020 साली मयिलाडुतुरै असे जिल्हे झाले. चेरीतली मुले शाळा-महाविद्यालयांत गेली. या शास्त्राकडे वळणाऱ्या तरुणांची संख्याही आपल्या विद्यापीठांत वाढते आहे, आणि त्यांच्यापैकी अनेक जण ज्या वस्त्यांवर पूर्वी इतरांनी लिहिले त्याच वस्त्यांतून आलेले आहेत. त्यांना ओसरीचे आमंत्रण लागत नाही. ते घरातूनच बाहेर पाहतात. या शास्त्राला यापुढे जी खोली येईल ती त्यांच्यामुळे येईल, अशी माझी धारणा आहे.

आम्हा सरकारी नोकरांना मात्र ओसरी टाळता येत नाही. गाडीतून उतरताच कोणी तरी खुर्ची पुढे करतो, चहा येतो, आणि बसावेच लागते. मी आजही बसतो. फक्त त्या आजींच्या शब्दानंतर एक सवय लावून घेतली आहे. टिपणवहीच्या पहिल्या ओळीत, तारखेच्या खाली, मी कोणाच्या दारात बसून हे लिहितो आहे ते लिहून ठेवतो. आणि ते दार दुसऱ्या टोकाचे असेपर्यंत अहवालाखाली सही करीत नाही.