तानसेन समारोहाचे श्रोते: काल आणि आज

(मंडळाच्या गुढीपाडव्याच्या स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता, 'तानसेन समारोहाची शंभर वर्षं'. शंभर वर्षांवर बोलायला विद्वान माणूस पाहिजे. मी ए.जी. ऑफिसात सदतीस वर्षं आकडे जुळवलेला माणूस. म्हणून गाणाऱ्यांबद्दल बोलत नाही, ऐकणाऱ्यांबद्दल बोलतो. ते काम मी १९६० सालापासून, मधली काही वर्षं सोडून, करत आलो आहे आणि त्याला परीक्षा द्यावी लागत नाही.

२०२४ च्या डिसेंबरात शंभरावा समारोह झाला. तिथून परतताना आपल्यातल्याच तीन-चार जणांच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं, "आता पूर्वीचे श्रोते राहिले नाहीत." हे वाक्य मीसुद्धा बरीच वर्षं म्हणत होतो. ते कितपत खरं आहे, ते आज तपासून बघतो. ऑफिसची सवय, दुसरं काही नाही.

आधी थोडं जुनं सांगतो, कारण इथली तरुण मुलं समारोहाला जातात पण तो सुरू कसा झाला हे त्यांना माहीत नसतं. हजीऱ्याला मोहम्मद गौस यांचा मोठा मकबरा आहे, जाळ्यांचा. त्याच्या बाजूला खांबांवर उभी, चारी बाजूंनी उघडी असलेली लहानशी समाधी, ती तानसेनाची. तिथे पूर्वी उर्स भरायचा. १९२४ मध्ये शिंदे दरबाराने त्याला आश्रय दिला, आणि तिथून आपण शंभर मोजतो. म्हणजे पहिले श्रोते कोण, तर उर्साला येणारे हजीऱ्याचे लोक, शहरातले गवय्ये, आणि दरबारी मंडळी. त्याच्या सहाच वर्षं आधी, १९१८ मध्ये, भातखंड्यांच्या हातून इथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं होतं. त्याच्याही आधी, १९१४ मध्ये, कृष्णराव पंडितांनी वडिलांच्या नावाने शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं होतं. म्हणजे लष्करात ऐकायला शिकलेली माणसं तयार होत होती, आणि त्यांत आपली मराठी घरं पुष्कळ. पुढे स्वातंत्र्यानंतर बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती आणि प्रसारण मंत्री झाले, आणि त्यांच्या पुढाकाराने हा गावचा उत्सव देशाचा झाला. त्या वेळीही म्हातारी मंडळी म्हणाली असतीलच, की आता पूर्वीचं राहिलं नाही.

मी आठ वर्षांचा असताना वडिलांबरोबर प्रथम गेलो. लष्करातून टांगा, फूलबाग, पडाव, मग हजीरा. आईने दशम्या आणि तिळाची गजक बांधून दिलेली. डिसेंबरातली ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला सांगायला नको, दात वाजायचे ते कधी कधी तालात वाजायचे. खाली सतरंज्या, अंगावर रजई, मध्ये कुठेतरी अंगीठी. बैठक पहाटेपर्यंत लांबायची. मी मालकंस सुरू असताना झोपायचो आणि ललित सुरू असताना जागा व्हायचो. रागांच्या वेळा मला कुणी शिकवल्या नाहीत, झोपेनेच शिकवल्या. रात्रभर बसलेल्या माणसाच्या कानावर पहाटे ललित येतो त्या वेळी तो राग राहत नाही, एक सुटका असते. आता बैठक उशिरा का होईना, त्याच रात्री संपते, आणि सकाळची सभा ऊन वर आल्यावर तोडी-जौनपुरीने भरते. हे एक नुकसान मात्र मी खरं मानतो, कारण ते भरून यायचा दुसरा मार्ग नाही.

बसण्याची एक अलिखित व्यवस्था होती. पुढे दरबारी घराण्यांतली आणि शहरातली मातब्बर मंडळी. त्यांच्यामागे आपण, म्हणजे दौलतगंज, जनकगंज, शिंदे की छावणीतली मराठी मंडळी, काळ्या टोप्या आणि मफलर. आपल्यामागे, कनातीला टेकून, बिर्लानगरच्या जे.सी. मिलचे कामगार. पाळी सुटली की ते कांबळी घेऊन थेट यायचे. आम्ही त्यांना 'मागचे' म्हणायचो. 'मागच्यांनी दाद दिली' याचा अर्थ आमच्यात 'गवई लोकांना खूश करायला लागला' असा व्हायचा. आज हे सांगताना लाज वाटते, पण तपासणी करायची तर जमा-खर्च दोन्ही लिहायला हवं.

आता खर्चाची बाजू. १९७३ साल असावं. मी एकवीस वर्षांचा, माधव महाविद्यालयात तीन वर्षं काढून गाणं सोडलेला, म्हणजे सगळ्यांत धोकादायक अवस्थेतला. आमचं एक टोळकं होतं. बाहेरगावची एक तरुण गायिका बसली होती. नाव सांगणार नाही. तिने एक बडा ख्याल अतिशय संथ लयीत लावला, एकेका सुरावर थांबत. आपली ग्वाल्हेरची गायकी तशी नाही हे तुम्ही जाणता. आपल्याकडे बंदिश आधी नीट उभी करतात, लय वाहती ठेवतात, बोलताना येतात, आठही अंगं दाखवतात. आम्हाला वाटलं ही आपल्याला अंगाई म्हणतेय. एकजण तसं बोललाही, हळू नाही. मग आम्ही टाळ्या सुरू केल्या. दाद म्हणून नाही, आवरतं घ्या म्हणून. ठेक्यात. इतर काही लोक हसले, त्यांतल्या काहींनी आम्हाला साथ दिली. मागून एक आवाज आला, "गाने दो भाई, गाने दो," तो कनातीपाशी बसलेल्यांपैकी कुणाचा तरी होता. ती थांबली. तबलजीकडे बघितलं, द्रुत न घेताच तंबोऱ्याला हात लावून नमस्कार केला, मग उठून समाधीकडे तोंड करून दुसरा नमस्कार केला आणि आत गेली.

वडील दोन रांगा पुढे होते. टांग्यात एक शब्द बोलले नाहीत. घरी पायऱ्या चढताना म्हणाले, "ती मुलगी दोन दिवसांचा प्रवास करून आली असेल रे." बस्, एवढंच. दुसऱ्या रात्री ते गेले नाहीत आणि मला जा किंवा जाऊ नको असंही म्हणाले नाहीत. आम्ही दोघं घरी बसलो.

तेव्हा 'पूर्वीचे श्रोते' म्हणून ज्यांच्या आठवणी आपण काढतो ना, त्यांत मी होतो. ते जाणकार होते हे खरं. समेला शंभर माना एकदम हलायच्या, आणि नवख्या गवयाची त्यानेच गाळण उडायची. पण त्या कानांना ग्वाल्हेरशिवाय दुसरं फारसं चालत नसे. गंमत बघा, हद्दू-हस्सू खानांची जी गायकी वासुदेवबुवा जोश्यांकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि महाराष्ट्रात घेऊन गेले, ती तिकडे रुजली ती तिकडच्या लोकांनी अनोळखी गाणं बसून ऐकलं म्हणूनच. आम्ही त्याच गायकीचे वारस म्हणवत पाव्हण्या मुलीला अर्धा तासही दिला नाही.

१९८८ मध्ये माझी भोपाळला बदली झाली. मधली वर्षं समारोह वर्तमानपत्रात वाचला. त्या काळात इकडे काय काय झालं ते तुम्ही पाहिलंत: ८९ मध्ये कृष्णराव पंडित गेले, पुढे जे.सी. मिल बंद पडली, लष्करातले वाडे विकले गेले आणि आपली मुलं पुण्या-बंगळुरूला गेली. निवृत्तीनंतर २०१२ मध्ये परत आलो आणि डिसेंबरात हजीऱ्याला गेलो तर मला माझी जागाच सापडेना. सतरंजीच्या जागी खुर्च्या, पुढे सोफे, मंचामागे कुठल्याशा ऐतिहासिक वास्तूची हुबेहूब प्रतिकृती, बाजूला मोठे पडदे. परदेशी कलाकारांची सभा. आणि सगळीकडे मुलं. राजा मानसिंह तोमर विद्यापीठाची, क्लासची, कॉलेजची. अर्ध्यांच्या हातात फोन उंच धरलेले. मी मनात म्हटलं, झालं, संपलं.

मग काही वर्षांनी, एका संध्याकाळी, एक नवोदित गायक बसला होता. त्याचा आवाज थंडीने धरला. वरचा सा लावताना दोनदा फुटला. मी सवयीने आजूबाजूला बघितलं, आता काहीतरी होणार म्हणून. काहीच झालं नाही. लोक थांबले. त्याने पाणी प्यायलं, तंबोरा पुन्हा लावला, सुरुवात केली, आणि तिसऱ्या खेपेला सा लागला तेव्हा जी टाळी पडली ती मी हजीऱ्याला पूर्वी ऐकली नव्हती. त्यात जाणकारी किती होती ते सोडा.

शेजारी सतरा-अठरा वर्षांचा मुलगा होता. वाकून म्हणाला, "अंकल, ये कौन सा राग है?" मी म्हटलं, "बागेश्री." अगदी निःशंकपणे. मग गायकानेच बंदिश संपल्यावर सांगितलं, रागेश्री. त्या मुलाने माझ्याकडे बघितलं नाही, ही त्याची सभ्यता. मीच म्हटलं, "बेटा, गलती हो गई." तो हसला. बोलता बोलता कळलं, हजीऱ्याचाच राहणारा, तबला शिकतो, आजोबा जे.सी. मिलमध्ये होते आणि दरवर्षी कांबळं घेऊन इथे यायचे. "दादाजी पीछे बैठते थे," तो म्हणाला. आम्ही सहाव्या रांगेत शेजारी-शेजारी बसलो होतो.

तेव्हापासून मी 'पूर्वीचे श्रोते राहिले नाहीत' हे वाक्य म्हणायचं बंद केलं. मागचे लोक कुठे गेलेले नाहीत. त्यांचे नातू पुढे आले आहेत. २५ डिसेंबर २०२३ ला किल्ल्यावर हजाराहून जास्त तबलजींनी एकत्र तबला वाजवला, तो विक्रमाचा भाग मला फारसा भावत नाही, मोजून वाजवलेलं संगीत मला ऑफिससारखं वाटतं. पण त्या गर्दीत तो मुलगा होता, आणि त्याने फोन करून मला सांगितलं, एवढं मात्र आवडलं. राहिले नाहीत ते आपण. गेल्या डिसेंबरात संध्याकाळच्या सभेला मी आपली माणसं शोधत होतो. ओळखीचे चेहरे दिसले, ते बहुतेक माझ्याच वयाचे, आणि दहा वाजले की त्यांचे मुलगे गाडी घेऊन न्यायला येत होते. नातवंडं एकही नाही. ती सुट्टीत इथे येतात, पण समारोह संपल्यावर.

एक सभा मात्र अशी आहे की तिथे आपण कधीच फारसे गेलो नाही, अगदी त्या सोन्याच्या दिवसांतही. पहिल्या दिवशीची सकाळ. समाधीपाशी शहनाई वाजते. मग ढोलीबुवा मठाची हरिकथा होते, म्हणजे तुमच्या-आमच्या आजी-आजोबांनी ऐकलेल्या परंपरेतली कथा. त्याच जागी, त्याच सकाळी, मिलाद होतो आणि चादर चढते. कीर्तनकार आणि मौलवी एकाच समाधीपुढे, एकापाठोपाठ. यात इथे कुणाला नवल वाटत नाही. शंकरराव पंडितांच्या घरी निसार हुसेन खाँ घरच्यासारखे राहत होते, त्या गावात नवल वाटायचं कारणही नाही. त्या सकाळी ना सोफे असतात ना मोठे पडदे. वडील नोकरीमुळे आणि मी आळसामुळे तिथे कधी गेलो नाही. सत्तरीनंतर जायला लागलो. शेवटच्या दिवशी सकाळी बेहटला, झिलमिल नदीच्या काठी, झाडांखाली सभा होते. तिथे तर गावातली माणसं ट्रॅक्टरने येतात, बायका घुंगट घेऊन बसतात, पोरं शिवमंदिराच्या ओट्यावर. ते मंदिर एका बाजूला कललेलं आहे. तानसेनाच्या गाण्याने कललं असं गावकरी सांगतात. पायाची माती खचली असणार, असं आमचे एक इंजिनिअर मित्र तिथेच मोठ्याने म्हणाले. एका आजीने त्यांना असं बघितलं की त्यांनी पुढचा चहा लांब जाऊन घेतला.

तपासणी इथे संपली. हिशेब जुळला की नाही ते तुम्ही बघा.

एक सूचना आहे, ती सेक्रेटरींना आधी विचारलेली नाही. यंदा समारोहाच्या पहिल्या दिवशी सकाळी मी महाराज बाड्यावरून आठला निघणार आहे. माझी गाडी जुनी आहे, पण चालते. पुढची सीट सौभाग्यवतींची. मागे तीन जागा रिकाम्या आहेत. नातवंडं सुट्टीवर आली असतील आणि लवकर उठायला तयार असतील तर त्यांना आधी बसवू. रजई नको, स्वेटर पुरे. गजक मी घेतो.